गाद्यांवरची शिकवणी

"यंदा भरती झालेलं एकही पोर सोडून जाणार नाही, लिहून घ्या," असं शिकवणीबाई भर बैठकीत बोलून गेल्या आणि खाली बसताबसता आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

कंपनी गाद्यांची. दरवर्षी कॉलेजातून ताजी ताजी पोरं यायची आणि तारेवर पाखरं टेकावीत तशी घटकाभर टेकून भुर्र व्हायची. त्यांना घडवायचं काम बाईंचं, म्हणून त्या शिकवणीबाई. साहेबांनी यंदा सरळच सुनावलं होतं, "बाई, कंपनी कशासाठी आहे हेच पोरांना कळत नसेल, तर तुमचा विभाग हवा कशाला? या वेळी बघू, नाहीतर बंद करू."

बाईंना ते लागलं, आणि पटलंही. त्यांनी बेत केला. पहिल्याच दिवशी, कामाला हात लावायच्या आधी, पोरांना कंपनीचा हेतू सांगायचा. तोही गाद्यांवर आडवं करून! दमल्याभागल्या जिवाला शांत झोप मिळावी, हाच तर हेतू. तो आधी पाठीला कळला की डोक्यात आपसूक शिरेल.

भाषण जीव ओतून लिहिलं. घरी म्हणून दाखवलं, तर नवरा तिसऱ्याच वाक्याला घोरू लागला.

"दमलेत बिचारे," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी सकाळी तोंडभरून कौतुक केलं. "छान होतं हो सूनबाई. शेवट तेवढा ऐकायचा राहिला."

नव्या गादीचं प्लास्टिक फाडायचं नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद. म्हणून बाईंनी गोदामाच्या कोपऱ्यात उघड्याच पडलेल्या गाद्या सभागृहात आणवल्या. गोदामवाले काका तेवढे जेवायला गेले होते.

पोरं बूट काढून, लाजत लाजत आडवी झाली. दिवे मंद झाले. बाईंनी कागद उघडला.

"आपण गाद्या विकत नाही, बाळांनो. कुणाचा तरी शिणलेला दिवस आपण हलकेच उतरवून ठेवतो..."

पोरांनी डोळे मिटले. मनावर घेतलंय, असं वाटून बाईंनी आवाज आणखी मऊ केला. तेवढ्यात खिडकीजवळच्या पोराने सूर धरला. त्याला शेजारच्याने साथ दिली. बघता बघता सगळं सभागृह घोरायला लागलं.

"अरे ऊठ ना रे, साहेब येतील," बाईंनी एकाला गदागदा हलवलं.

"आई, पाच मिनिटं," म्हणून तो कुशीवर वळला.

आणि दारात साहेब उभे.

"हे काय चाललंय?"

विभाग गेला, बाईंच्या मनात आलं. तोंडातून मात्र भलतंच निघालं, "शेवटचा परिच्छेद राहिलाय, साहेब. बसा ना."

साहेब रागाने रिकाम्या गादीच्या कडेला टेकले. बाई घाबऱ्याघुबऱ्या वाचत राहिल्या. वर बघतात तो काय, गाद्यांचा मालक, जो रोज रात्री छताकडे बघत पडायचा, तो तान्ह्या बाळासारखा झोपलेला!

सगळी उठली तेव्हा उन्हं कलली होती. साहेबांच्या केसांचं घरटं झालं होतं आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"बाई, विभाग पक्का. अहो, काय गाद्या बनवतो आपण!"

एवढ्यात गोदामवाले काका धापा टाकत आले. "बाई, त्या परत आलेल्या गाद्या कुणी उचलल्या? स्प्रिंगा टोचतात, डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून गिऱ्हाइकांनी धाडल्यात त्या."

साहेबांनी पाठीला हात लावून बघितला. "टोचतंय खरं."

सगळ्यांनी आधी गाद्यांकडे पाहिलं. मग बाईंच्या हातातल्या कागदाकडे. बाईंनी तो हळूच पाठीमागे नेला.

गालावर गादीच्या शिवणीच्या रेघा उमटलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्हाला पहिलं काम हेच द्या ना. यांच्यावर ज्यांना झोप लागली नाही, त्यांच्यासाठी या नीट करू."

साहेबांनी लगेच मान डोलावली. मग घसा खाकरून बाईंना बाजूला घेतलं. "ते भाषण माझ्या फोनमध्ये बोलून देता का? रात्रीपुरतं."

त्या वर्षी एकही पोर गेलं नाही. टोचणाऱ्या गाद्या नीट होऊन ज्याच्या त्याच्या घरी परतल्या. सासूबाई अजून अधूनमधून म्हणतात, "म्हण की गं ते, शेवट राहिलाय माझा." बाई हौसेनं वाचायला घेतात, आणि तिसऱ्या वाक्याला घर शांत होतं.

शेवट फार सुंदर आहे म्हणे. म्हणजे, असं बाई म्हणतात.