तळ्यातला वणवा

एका जंगलात, बाळांनो, वडीलधारे फार झाले होते. त्यामुळे अक्कल सगळी त्यांच्याकडेच जमा होती, आणि वापरात नव्हती.

त्यांचं एक अंतर मंडळ होतं. आकाशातल्या दीर्घिका किती लांब आहेत, हे ते नुसत्या उजेडाच्या रंगावरून सांगायचे. जितकी तांबडी, तितकी लांब. वर जाऊन तपासणारं कोणी नसल्यामुळे मंडळ आजवर एकदाही चुकलं नव्हतं.

एका संध्याकाळी टेकडीमागे तांबडा उजेड दिसला. मधे धुळीचा लोट. साळूबाई साळिंदर घाबरली. तिची पिल्लं अजून धड चालतही नव्हती.

"आजोबा, वणवा आहे. किती लांब असेल? पिल्लांना हलवू का?"

"मंडळाच्या निर्णयाआधी हललीस तर बीळ जप्त," अध्यक्ष हत्तीआजोबा म्हणाले. "उजेड तांबडा आहे. म्हणजे सात टेकड्या पलीकडे."

"धुळीतून सगळंच तांबडं दिसतं," करकोचेकाका म्हणाले. "धूळ वजा करा. मग तो टेकडीच्या पायथ्याशीच निघतो."

उजेड एकच, अंतरं दोन. आणि दोघंही वयाने मोठे.

बांबूवर चापडा साप लोंबकळत होता. चापड्यांना धुळीतूनही ऊब कळते. तो म्हणाला, "अहो, माझं थोबाड भाजतंय. जवळ आहे."

"तू शाळा सोडलेला ना रे?" हत्तीआजोबांनी विचारलं.

"हो."

"मग तुझं थोबाड ग्राह्य धरता येत नाही."

शेवटी मंडळाने दोन्ही अंतरांची सरासरी काढली. दोघांचाही मान राहिला. सरासरी नेमकी पलीकडच्या खोऱ्यातल्या तळ्यावर आली.

"वणवा तळ्यात आहे," हत्तीआजोबांनी जाहीर केलं. "म्हणजे विझलाच. टाळ्या वाजवा आणि घरी जा."

"बीळ तुम्हीच ठेवा," साळूबाई म्हणाली. पिल्लांना पुढे ढकलत ती नदीकडे निघाली. चापडाही मागोमाग सरपटला.

"हल्लीच्या आयांना जरा म्हणून दम नाही," करकोचेकाका म्हणाले. तेवढ्यात त्यांची शेपटी पेटली.

मग मंडळ पळालं. वयाच्या मानाने बरंच जोरात पळालं.

नदीपलीकडे, होरपळल्या अंगाने, मंडळाची तातडीची बैठक झाली. एकमताने ठरलं, की अंदाज अचूक होता, वणवाच चुकीच्या जागी लागला. शिवाय परवानगीविना पळाल्याबद्दल साळूबाईचं बीळ जप्त झालं. बिळाची तोवर राख झाली होती. ती राखही मंडळाने आपल्या नावावर करून घेतली.

साळूबाई तिथंच पिल्लांना पाजत बसली होती. तिने मान डोलावली.

तात्पर्य : मोठ्यांचं म्हणणं नेहमी शांतपणे ऐकून घ्यावं. मात्र आधी नदी ओलांडावी.