खेकडे गेले बर्फाच्या गाडीने

तेत्सुरोने खेकडे मुकाट्याने फ्रीजमध्ये ठेवले असते, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण साधं काम साधेपणाने करेल तो तेत्सुरो कसला!

झालं असं, की त्याच्या सासूबाई, मित्सुयोबाई, पहिल्यांदाच जपानच्या दक्षिण टोकाच्या कागोशिमाहून उत्तरेतल्या सप्पोरोला येणार होत्या, फेब्रुवारीतला बर्फाचा उत्सव बघायला. लेकीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ह्या धाकट्या जावयाबद्दलचं त्यांचं मत 'आहे आपला' याच्यापुढे सरकलं नव्हतं. थोरला जावई फुकुओकाला दातांचा डॉक्टर. त्याने एकदा त्यांना महागडा फुगू मासा खाऊ घातला होता आणि त्या माशाचं कौतुक अजून दर फोनवर चालायचं. तेत्सुरोला ते फार लागायचं. ह्या खेपेला दाखवूनच द्यायचं, म्हणून त्याने बाजारातून दोन दणदणीत केसाळ खेकडे आणले. (बायकोला न विचारता. विचारलं तर सरप्राइज कसलं?)

फ्रीज म्हणजे बायकोचं, फुमिएचं, राज्य. तिथे मुंगी शिरली तरी तिला कळायचं. म्हणून तिथले लोक हिवाळ्यात टिकायला कोबी नि मुळा पुरतात तसे त्याने खेकडे अंगणातल्या बर्फात पुरले आणि खूण म्हणून स्कीची एक मोडकी काठी रोवली. संध्याकाळी सासूबाई आल्या, त्यांच्यामागोमाग बर्फ आला, आणि तो सकाळपर्यंत पडतच राहिला.

आता आपल्या दारातला बर्फ शेजाऱ्याने उपसणं म्हणजे सप्पोरोत केवढी नाचक्की! आणि शेजारचे म्हातारे किताझुमे आजोबा तर रोजच तेत्सुरोचं दार झाडून द्यायचे, वर "दमता हो तुम्ही ऑफिसात" असंही म्हणायचे. सासूबाईंसमोर ही शोभा नको, म्हणून तेत्सुरो उजाडताच बाहेर पडला.

"आज स्वारी इतक्या लवकर?" आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले. "सासू आली वाटतं?"

"रोजच उठतो हो मी!"

"अस्सं! मग आमचेच डोळे गेले म्हणायचे."

तेवढ्यात वरच्या खिडकीत सासूबाई दिसल्या. झालं, तेत्सुरोच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. दोन्ही हातांनी ढकलायचं ते मोठं फावडं घेऊन त्याने दार उपसलं, वाट उपसली आणि अंगणही उपसायला घेतलं. मध्येच एक मोडकी काठी आडवी आली. "कुठल्या गाढवाने रोवलीय ही इथे?" म्हणत त्याने ती भिरकावून दिली. सगळा बर्फ त्याने रस्त्याकडेला नेऊन टाकला, आणि हिवाळ्यातून एकदाच गल्लीत येणारी बर्फ उचलायची गाडी नेमकी त्याच दिवशी आली. तिने ढीग उचलला आणि ती निघून गेली. (तेत्सुरोने हात हलवून तिला निरोपसुद्धा दिला.)

"कामसू आहात हो जावईबापू," न्याहारीला सासूबाई म्हणाल्या. "पण ती काठी कसली फेकलीत?"

"कुठली काठी?" तेत्सुरो म्हणाला, आणि मग त्याला ती खुणेची काठी आठवली.

तो तडक उठला. "जरा जाऊन येतो."

"अहो, फावडं घेऊन कुठे?" फुमिएने विचारलं. "आईला बर्फाचे पुतळे दाखवायचेत ना?"

"तिकडेच... त्याच बाजूला."

"मग चला की, मी तयारच आहे," म्हणून सासूबाई कोट चढवून आधी गाडीत जाऊन बसल्या.

नदीकाठी, जिथे शहरभरचा बर्फ आणून ओततात, तिथे तेत्सुरोने गाडी थांबवली. समोर सहा मजली डोंगर आणि त्यावर रांगेने चढणारे ट्रक. "आई, पुतळे काय, कोणीही बघतं," तो कसाबसा म्हणाला. "खरं सप्पोरो हे!"

"अगं बाई!" सासूबाईंचा आ वासला. "आमच्याकडे ज्वालामुखीची राख पडते, ती आम्ही पिशव्यांत भरतो. पण तिचा असा डोंगर नाही हो रचला कोणी!"

तेत्सुरो पायथ्याशी खणू लागला. पहारेकरी धावत आला. "काही हरवलंय का?"

"छे छे! पाहुण्यांना दाखवतोय."

"खणून?"

"हो. आपली पद्धत."

पहारेकऱ्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि तो कीव आल्यासारखा निघून गेला. सासूबाईंना मात्र राहवेना. "अहो, कमरेत वाका! राख उपसण्यात जन्म गेला माझा. आणा इकडे ते." दोघांनी नाकं लाल होईस्तोवर खणलं. खेकड्याची नांगीसुद्धा सापडली नाही. शेवटी तेत्सुरोने हरून त्यांना कोपऱ्यावरच्या टपरीत लोणी घातलेलं मिसो रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, खाऊ घातलं. सासूबाईंनी वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात त्याने रडवेल्या आवाजात सगळं कबूल केलं. फुमिएने कपाळावर हात मारला.

"अहो, आईला खेकडा चालत नाही! अंगभर पित्त उठतं, घसा सुजतो. शंभरदा सांगितलंय. पण तुमचं लक्ष असतं कुठे?"

पलीकडे सासूबाई थोरल्या लेकीशी फोनवर बोलत होत्या. तेत्सुरोने कान टवकारले.

"काय सांगू तुला! सप्पोरोला जाईल तो खेकड्यांवर तुटून पडतो, पण धाकट्या जावयांनी माझ्यासमोर खेकड्याचं नावसुद्धा काढलं नाही. केवढी जाण माणसाला! तुझ्या नवऱ्याने आणला होता फुगू, पण मला काय चालतं ते विचारलं होतं का कधी?"

तेत्सुरोची छाती फुगली. डोळेसुद्धा पाणावले त्याचे. एवढ्या वर्षांनी!

"जावई लाखात एक," सासूबाई पुढे म्हणाल्या. "फावडं मात्र धरता येत नाही गं. कसं होणार त्यांचं? म्हणून मी विमानाचं तिकीट पुढे ढकललंय. रोज पहाटे उठवून शिकवणार आहे." मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "जावईबापू, तुमच्याकडे बर्फ वितळतो कधी हो?"

"एप्रिलमध्ये, आई," तेत्सुरो म्हणाला.