चाळीस बाया, वीस जोड गमबूट

नाहीदने आपल्या संशोधन संस्थेच्या नागपूरच्या गुणवंतराव सरांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "सर, इतका काटेकोर अभ्यास अख्ख्या जिल्ह्यात झाला नसेल." आणि ती उगाच फुशारकी मारत नव्हती बरं का. सावलीजवळच्या एका गावातल्या धानाची रोवणी करणाऱ्या चाळीस बायांची नावं तिने स्वतः चिठ्ठ्यांवर लिहिली, ग्रामपंचायतीसमोर घागरीत टाकली आणि सगळ्यांदेखत वीस काढल्या. त्या वीसजणींना गमबूट. उरलेल्या वीसजणी नेहमीसारख्या अनवाणी, त्यांना बूट हंगाम संपल्यावर. बुटांनी पायाच्या चिखल्या थांबतात का, एवढंच बघायचं होतं. हाताने निवडून बूट वाटले असते तर कोणीही म्हटलं असतं, तुम्ही खात्यापित्या घरच्यांनाच बूट दिले, त्यांचे पाय तसेही सडले नसते. चिठ्ठीने ती तक्रारच मिटवली. दोन्ही गट सारखे, फरक काय तो बुटांचा.

दर शनिवारी संध्याकाळी नाहीद घरोघर जायची, धुतलेले पाय बघायची, फॉर्मवर 'चिखल्या आहेत' किंवा 'नाहीत' अशी खूण करायची. अंगणात बुटांची जोडी नीट लावलेली दिसली की तिला फार बरं वाटायचं.

चार आठवड्यांनी आकडे आले. बूटवाल्या वीसपैकी बाराजणींना चिखल्या. बिनबूटवाल्या वीसपैकीही बाराजणींनाच.

गुणवंतराव सर फोनवर ओरडले नाहीत, त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली. "नाहीद, इतका सारखा आकडा निसर्ग देत नाही. घरी बसून भरलेला फॉर्म देतो. उद्या दहाला मी गावात येतोय." पुढच्या महिन्यात गडचिरोलीचं काम सुरू होणार होतं आणि त्यात तिचं नाव होतं. ते तर जाणारच. पण खोटे फॉर्म भरणारी म्हणून शिक्का बसला, तर दुसरीकडे तरी तिला कोण उभं करणार?

दुसऱ्या दिवशी सरांच्या आधी पोचायचं म्हणून ती साडेआठलाच धानाच्या बांधीवर गेली आणि कडेच्या धुऱ्यावर थबकली. चाळीस बाया ओळीने वाकून धानाची रोपं, पऱ्हे, रोवत होत्या. चाळीसही जणींच्या एका पायात गमबूट होता आणि दुसरा पाय उघडा.



"रुखमाबाई," ओळीतल्या सगळ्यात वडील बाईला तिने हाक मारली. "हे काय करून राह्यले तुमी?"

"रोवणी करून राह्यलो, अजून काय?"

"मी बूट तुमाले देलते. दोन्ही पायांचे."

"देलते ना. पन शेजारच्या मंगलीची चिठ्ठी नाई निघाली. ती माह्या बाजूले उघड्या पायानं रोवन अन् मी बूट घालून मिरवू? एक तिले देला, एक मी ठेवला. सगळ्याच मापानं सारखे, कोणालेबी बसते."

"सगळ्याजणींनी असंच केलं?"

"मंग? गावात राहाचं हाय ना आमाले."

"अन् शनिवारी तर अंगणात जोडी दिसे."

"तुमी एवढ्या दुरून येता. तुमाले वाईट वाटन म्हणून तेवढ्या वक्ताले आणून लावतो."

आता सांगा, या मायेला काय करायचं? नाहीदला रडू येत होतं, पण रडायलाही सवड नव्हती. "बाई, हात जोडते, जिचे बूट तिले द्या. फक्त सर जाईपर्यंत." बायांना तिची दया आली आणि त्या लगेच कामाला लागल्या, तेच महागात पडलं. चिखलात रुतलेले बूट उपटता उपटेनात. मंगलीचा पाय निघाला आणि बूट आतच राहिला. रुखमाबाई तो ओढायला गेली आणि दोघीही फतकल मारून बसल्या. त्याच घडीला धुऱ्यावर सरांची गाडी येऊन थांबली. चांगले तासभर आधी.

सरांनी चाळीस बायांचे ऐंशी पाय निरखून पाहिले. नाहीदने काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि मान खाली घातली. "चुकलं, सर."

"चुकलं?" सरांचा चेहरा एकदम उजळला. "अगं, आपण दोन वेगळ्या बायकांची तुलना करत बसलो होतो. इथं बाई तीच, चिखल तोच, दिवसही तोच. हिला बूट मिळाला नसता तर काय झालं असतं, हा प्रश्न आम्ही जन्मभर अंदाजाने सोडवतो. इथं तिचा दुसरा पायच उत्तर देतोय!" त्यांनी तिथूनच नागपूरला फोन लावला. गडचिरोलीचं काम नाहीदच बघेल, म्हणाले. नाहीदच्या जिवात जीव आला.

मग सर पेन काढून रुखमाबाईकडे वळले. "बाई, बूट डाव्या पायात असतो ना?"

"आज डाव्यात हाय."

"आज म्हणजे?"

"काल उजव्यात होता. मंगली अन् मी रोज बदलतो ना. एकाच पायाचे लाड करून दुसऱ्याले काऊन सडवाचं? दोनी आपलेच."

सर धुऱ्यावर बसले. पेनाला टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला. नाहीदने मनातल्या मनात गडचिरोली पुन्हा सोडून दिली.

"तुझी चूक नाही," ते शेवटी म्हणाले. "चूक माझी. इथं एकटं कोणी राहतच नाही आणि मी चिठ्ठ्या एकेकीच्या नावाने काढायला सांगितल्या. पुढच्या वेळी चिठ्ठी अख्ख्या गावाची. एका गावात सगळ्यांना बूट, दुसऱ्या गावात कोणालाच नाही. आणि ते काम तूच करायचंस."

नाहीदला इतकं हलकं वाटलं की तिने चिखलाच्या हातानेच डोळे पुसले.

"दुसरं गाव कोणतं घेता?" रुखमाबाईने विचारलं.

"नदीपलीकडचं. चिठ्ठी ज्याची निघेल, त्याला बूट."

"मंग काई फिकर नाई," रुखमाबाई मंगलीकडे बघत म्हणाली. "माह्या दोनी लेकी तिथीच देल्या हायेत, अन् हिचं माहेरबी तेच. चिठ्ठी कोणाचीबी निघो, सकाळी सातची बस जाते तिकडं."