टोपी सहलीला गेली

ही गोष्ट मी आधी माणसांची म्हणून सांगितली होती. पालकांच्या सभेत उभी राहून सांगितली. कुणाचा विश्वास बसला नाही. एक जण म्हणाला, "बाई, शाळा असं कधी करेल का?" दुसरी म्हणाली, "तुमचा काहीतरी गैरसमज झाला असेल." तिसऱ्याने तर मला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिलं. पाणी प्याले आणि घरी आले.

मग म्हटलं, जनावरांची करून सांगावी. जनावरं बोलतात यावर लोकांचा लगेच विश्वास बसतो. आई बोलली की बसत नाही.

तर पोरांनो, हाताची घडी घाला. मागच्यांनी खोड्या काढायच्या नाहीत.

एका जंगलात एक शाळा होती. शाळेला मोठी पाटी होती, 'सर्वांसाठी शाळा'. पाटी उंच सागाच्या शेंड्याला टांगली होती, म्हणजे ती फक्त पाखरांना वाचता येई. पाखरं शाळेत नव्हती.

मुख्याध्यापक होते मोरसर. ते सतत पाठमोरे उभे असत, कारण त्यांची चांगली बाजू ती होती.

त्या शाळेत शेवंती नावाची सशाची पोर होती. तिचे मागचे पाय जन्मापासून चालत नव्हते. बाकी तिचं सगळं चालत होतं. डोकं चालत होतं, जीभ तर जरा जास्तच चालत होती. तिच्या आईने, भागाने, सुक्या भोपळ्याच्या अर्धुकाची गाडी केली होती. खाली बेलफळांची चाकं. शेवंती पुढच्या पायांनी रेटा देत सगळीकडे जायची. वजन म्हणाल तर एका पेरूएवढं.

मोरसर तिला नावाने हाक मारत नसत. 'आमची विशेष विद्यार्थिनी' म्हणत. विशेष म्हणजे काय, ते पोरांनो मी तुम्हाला सांगते. जिला कुठेही न्यायचं नाही, ती विशेष.

वर्गाला टिटवीबाई शिकवत. त्यांनी एकदा तळ्याचा धडा घेतला. म्हणाल्या, "तळ्यात आभाळ उलटं दिसतं." शेवंतीने पुढचा पाय वर केला.

"बाई, उलटं म्हणजे कसं? ढग खाली?"

"हो."

"मग पाऊस वर पडतो?"

"खाली बस."

"बसलेलीच आहे, बाई."

त्या दिवसापासून शेवंतीला तळ्यातलं उलटं आभाळ पाहायचं होतं. दुसरं काही नको होतं. आणि त्याच महिन्यात शाळेची सहल ठरली, टेकडीपलीकडच्या तळ्यावर. सहलीच्या आदल्या दिवशी शेवंतीने गाडीच्या चाकांना एरंडेल चोळलं आणि रात्रभर कान टवकारून पडून राहिली.

सकाळी मोरसरांनी भागाला बोलावून घेतलं.

"भागाताई, आम्हाला शेवंतीची फार काळजी वाटते."

शाळेला काळजी वाटायला लागली की काय होतं हे भागाला माहीत होतं.

"वाटेत ओढा आहे," सर म्हणाले. "गाडी ओलांडणार नाही."

"ओंडका टाका एक."

"करवंदीची जाळी आहे."

"मोडा."

"चढ आहे."

"सर, गवादादा सगळ्यांचे डबे पाठीवर घेऊन चाललेत. तुमची छत्री पण घेऊन चाललेत. त्यात एक पेरू ठेवला तर काय होतंय?"

"गवादादांना मुलं वाहून नेण्याचा अनुभव नाही."

"मग मी येते सोबत. मी रेटते गाडी."

"हां, हे चांगलं. विशेष विद्यार्थिनीसोबत पालक हवाच, असा नियम आहे."

"झालं मग."

"पण सहलीत पालकांना परवानगी नाही, असाही नियम आहे."

भागाचं तोंड उतरलं. सर मायेने म्हणाले, "असं तोंड पाडू नका. आम्ही कुणालाच मागे ठेवत नाही. आम्ही तिची टोपी नेतो."

आता टोपीचं काय प्रकरण ते ऐका. सहलीच्या दिवशी प्रत्येक पोराच्या डोक्यावर पळसाच्या पानाची टोपी असे. टिटवीबाई पोरं मोजत नसत. पोरं हलतात, वाकतात, झुडपात मुतायला जातात. टोप्या वरून नीट दिसतात. म्हणून बाई टोप्या मोजत. जेवढ्या टोप्या तेवढी पोरं. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि कधी चुकलं नव्हतं.

मोरसरांनी शेवंतीच्या डोक्यावरची टोपी काढली. वानराच्या पोराने, म्हणजे वर्गाच्या मॉनिटरने, ती एका काठीच्या टोकाला अडकवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टिटवीबाईंनी मोजणी केली. बरोबर भरली.

शेवंती म्हणाली, "बाई, टोपीला डोळे नाहीत."

बाई म्हणाल्या, "चला, पुढे चला, उशीर होतोय."

जंगलात कावळा बातम्या देत असे. त्याने लगेच फांदीफांदीवर जाऊन ओरडायला सुरुवात केली : "विशेष सशी तळ्याच्या सहलीला! मोरसरांचा अभिनव उपक्रम! कुणीही मागे नाही!"

भागाने लेकीची गाडी फिरवली आणि घरी आणली. दारात पोहोचते तोच शेजारची साळूकाकू, म्हणजे सायाळ, काटे खडखडवत आली.

"अगं भागा, अभिनंदन! पोर गेली म्हणे सहलीला!"

"गेली नाही, काकू. ही काय बसलीय."

साळूकाकूने शेवंतीकडे पाहिलं. मग वर कावळ्याकडे पाहिलं.

"पण तो म्हणतोय गेली."

"तो म्हणू दे की."

"तुझं आपलं काहीतरीच," काकू म्हणाली. "शाळेने एवढं केलं, आणि तुला कौतुकच नाही. हात गं तुझा नेहमी तक्रारीलाच वर!"

तिकडे तळ्यावर पोरांनी डबे खाल्ले. एकमेकांना ढकललं. दोघं रडले. तळ्याकडे कुणी पाहिलं नाही. मोरसरांनी काठावर उभं राहून काठीवरच्या टोपीसोबत पिसारा फुलवला आणि कावळ्याने ते दृश्य नीट पाहून घेतलं. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली, टोपी काठीवरून उडाली. वानराचं पोर पेरू खात होतं. त्याला कळलं नाही.

निघताना टिटवीबाईंनी मोजणी केली. एक कमी.

पुन्हा मोजली. एक कमी.

टिटवीबाई ओरडल्या. टिटवी ओरडली की कशी ओरडते, ते तुम्ही ऐकलंय. "मूल हरवलं! मूल हरवलं!"

कोण हरवलं ते पाहायला त्यांनी एकेकाला टोपीवर चोच मारून विचारलं. सगळे होते. फक्त शेवंती नव्हती.

मुंगसाचं पोर म्हणालं, "बाई, ती तर घरी..."

"रांगेत उभा राहा! एक मूल बुडालंय की काय, आणि तुला बोलायचं सुचतंय?"

कावळा जंगलभर उडाला. "विशेष सशी हरवली! जंगल हळहळलं!"

आणि पोरांनो, मग जंगलाने जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगते. सगळे धावले. हातातलं काम टाकून धावले. गवे आले, त्यांनी दोन ओंडके ओढले आणि ओढ्यावर आडवे टाकले, शोधणाऱ्यांना येता जाता यावं म्हणून. वानरांनी करवंदीची जाळी मुळापासून उपटली, न जाणो आत अडकली असेल. रानडुकरांनी चढाची माती उकरली, कुठे गाडली गेली असेल तर. उकरता उकरता चढाची सपाट वाट झाली. दुपार कलायच्या आत शाळेपासून, भागाच्या दारावरून, तळ्यापर्यंत असा रस्ता तयार झाला की त्यावरून अंडं घरंगळत नेलं असतं तरी फुटलं नसतं.

पेरूएवढ्या पोरीसाठी जे होत नव्हतं, ते पानाच्या टोपीसाठी झालं.

मोरसर भागाच्या दारात आले. मागे निम्मं जंगल. सरांनी मान खाली घातली होती.

"भागाताई, धीर धरा."

"कशाचा?"

"शेवंती सापडत नाहीये."

"ही काय!" भागाने गाडी पुढे ढकलली. शेवंती गाजर खात होती.

सगळ्यांनी शेवंतीकडे पाहिलं. साळूकाकूने डोळे पुसले. "बिचारी. धक्का बसलाय तिला."

"अहो काकू, सकाळी तुम्ही बघितलंत की हिला!"

"बघितलं गं. पण मोजणीत कमी भरतीय ना."

शेवंती म्हणाली, "सर, मी इथे आहे."

"बाळा, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," सर म्हणाले. "आम्ही फार काळजीत आहोत."

"कुणाच्या?"

"शेवंतीच्या."

शेवंतीने आईकडे पाहिलं. "आई, मी मेले का?"

"तोंड पूस," भागा म्हणाली. "गाजर लागलंय."

मग भागाने काय केलं ते ऐका. ती रडली नाही, भांडली नाही. सकाळी भांडून झालं होतं. तिने पाहिलं की दारासमोरून तळ्यापर्यंत सरळ, सपाट रस्ता गेलाय. तिने गाडीची दोरी खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "चला. मी पण येते शोधायला."

"व्वा, आईचं काळीज!" साळूकाकू म्हणाली. "सरका रे, बाजूला सरका, आई येतीय!"

सगळ्यांनी वाट दिली. रानडुकरं मागून गाडी रेटायला लागली. ओढ्याशी गवादादाने विचारलंसुद्धा नाही, भोपळा शिंगांवर उचलला, शेवंतीसकट, आणि अलगद पलीकडे ठेवला.

"जड नाही ना झालं, दादा?" भागाने विचारलं.

"छे! फुलासारखं हलकं आहे," गवादादा म्हणाला. "आत काय आहे?"

"पोर आहे."

"देव करो आणि सापडो," गवादादा म्हणाला.

आता पोरांनो, तुम्ही पुढे सरकून बसलात. का ते मला माहीत आहे. तुम्हाला वाटतंय शेवंती आता काहीतरी पराक्रम करणार. बुडत्या मॉनिटरला वाचवणार, नाहीतर वाघाला हुशारीने पळवून लावणार. मग सर रडतील आणि म्हणतील, आम्ही हिला नेलं नाही ही आमची चूक झाली.

तसं काही होणार नाही. तिने कुणालाही वाचवलं नाही. बाकीच्या पोरांनी तरी कुणाला वाचवलं होतं? डबे खाल्ले आणि दोघं रडले. त्यांना कुणी विचारलं का, की तुम्ही सहलीला येऊन जंगलाचा काय फायदा केलात?

शेवंती तळ्याच्या काठाशी गेली. गाडीतून पुढे वाकली. आई तिचा कान धरून उभी होती. खाली आभाळ होतं. खरंच उलटं होतं. ढग पायाशी होते आणि त्यात दोन लांब कान खाली लोंबत होते.

शेवंतीने बराच वेळ पाहिलं. मग गाजराचं देठ पाण्यात टाकलं. आभाळ हललं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," भागा म्हणाली.

"परत टाकू?"

"टाक."

तेवढ्यात पलीकडच्या काठावर गलका झाला. पाणमांजराने कमळाच्या देठांतून टोपी वर काढली होती. चोळामोळा झालेली, पण टोपीच.

"शेवंती सापडली! सापडली!"

टिटवीबाईंनी टोप्या मोजल्या. बरोबर भरल्या. बाईंनी टोपी छातीशी धरली आणि रडल्या. खरंच रडल्या हो, त्या मनाच्या वाईट नव्हत्या. मोरसरांनी टोपीला कोरडं केलं, थोपटलं, "घाबरलीस ना?" म्हणाले. मग सगळे वाजतगाजत परत गेले. काठावर भागा आणि शेवंती दोघीच राहिल्या. सूर्य मावळला तेव्हा उलट्या आभाळात पण मावळला. शेवंती त्यावर काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे आवडलं, हे तिच्या आईला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. एवढा गोंधळ झाला म्हणजे कुणाची तरी चूक असणारच. अध्यक्ष होते अस्वलआबा.

आधी वाऱ्याला बोलावलं. तो आला नाही. त्याला सोडून दिलं. मग पळसाला विचारलं, पानं एवढी हलकी का? पळस म्हणाला, मी मुळातून हलू शकत नाही, मला कशात ओढू नका. त्याच्या असमर्थतेचा आदर केला गेला. टिटवीबाईंची मोजणी दोन्ही वेळा बरोबर होती, त्यांचं कौतुक झालं. वानराचं पोर लहान होतं, शिवाय अस्वलआबांना मध कुठे आहे ते त्याचे वडील दाखवत असत. मोरसरांचा तर उपक्रमाबद्दल सत्कारच ठरला होता. हार आला होता, सुकत होता.

नवा रस्ता त्याच बैठकीत बंद करायचं ठरलं. जिथे मूल हरवतं अशी जागा उघडी ठेवणं बरोबर नाही, असं सगळ्यांना वाटलं. रानडुकरांनी माती परत लोटली. ओंडके ओढ्यात ढकलले.

राहिला दोष. जेवायची वेळ होत आली होती.

अस्वलआबांनी कान खाजवला आणि विचारलं, "मला एक सांगा. टोपी उडाली तेव्हा टोपीखाली कोण होतं?"

"कुणी नव्हतं," टिटवीबाई म्हणाल्या.

"आणि असायला कोण हवं होतं?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. भोपळ्याच्या गाडीत बसून ती आजही गाजर खात होती.

"तुम्हीच तिला नेलं नाहीत!" भागा ओरडली.

"भागाताई, विषय सोडून बोलू नका," अस्वलआबा म्हणाले. आणि त्यांनी निकाल दिला. विद्यार्थिनी स्वतःच्या टोपीखाली हजर नव्हती. तिच्या या निष्काळजीपणामुळे अख्ख्या जंगलाला त्रास झाला. पुढच्या वर्षी तिची टोपीसुद्धा नेऊ नये.

सगळ्यांना पटलं. सगळे जेवायला गेले.

तात्पर्य : पोरांनो, सहलीला न नेलेल्या मुलाने वेळेवर हजर राहावं. ते जमत नसेल तर निदान टोपी तरी व्हावं. टोपीसाठी ओढ्यावर ओंडका पडतो, जाळी मोडते, चढ सपाट होतो. मुलासाठी नियम असतो. आणि सहल बिघडली तर चूक कुणाची, हा प्रश्न परीक्षेला नक्की येणार आहे. मोर लिहाल तर शून्य. टिटवी लिहाल तर शून्य. वारा लिहाल तर अर्धा गुण मिळेल, दयेचा. बरोबर उत्तर एकच आहे, फळ्याकडे बघा आणि सुवाच्य अक्षरात उतरवून घ्या : शेवंती.