ओडेल प्रुइटची आवड

आपल्याला काय हवं आहे हे ज्याचं त्याला ठाऊक असतं, हा एक जुना आणि घातक गैरसमज आहे. तो दूर करण्यासाठीच अमेरिकेतल्या ओहायोत वर्तनतज्ज्ञ नेमलेले आहेत.

कोरीन हॅस्केट ही त्यांतली अत्यंत प्रामाणिक. आई वारल्यावर दिव्यांगांच्या निवासगृहात दाखल झालेला चाळिशीचा ओडेल प्रुइट तिच्या वाट्याला आला. ओडेल बोलत नसे. (बोलणाऱ्यांचं तरी कोण ऐकतं, पण तो मुद्दा इथे गैरलागू.) सकाळी उठून बूट घालायचा आणि दाराशी जाऊन उभा राहायचा. नोंद झाली : द्वारविषयक समस्यावर्तन.

"अहो बाई, त्याला माझ्याकडे यायचंय," त्याची बहीण लुएला म्हणाली. "मी न्यायला तयार आहे. विचारा की त्यालाच."

"विचारणं म्हणजे मूल्यमापन नव्हे," कोरीन मायेने म्हणाली.

मग आवडीचं मूल्यमापन झालं. टेबलावर चेंडू, खारी बिस्किटं, वाजणारं खेळणं मांडलं. ओडेलने सगळं कोपराने सारलं आणि वाकून पायातले बूट चाचपले. बूट टेबलावर नसल्याने हा नकार धरण्यात आला. पण कोरीन शास्त्राशी बेइमानी करणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने बूटही मांडले. ओडेलने ते उचलून छातीशी धरले. जागा बदलून मांडले, तरी बूटच. इतका स्वच्छ निष्कर्ष तिला आजवर मिळाला नव्हता. घरी जाताना ती गाडीत गुणगुणत होती.

सर्वांत आवडती वस्तू सापडली की ती बक्षीस ठरते, आणि बक्षीस सहजासहजी मिळून चालत नाही. म्हणून बूट कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागलं. ओडेलने शांत बसून ठोकळे रंगांप्रमाणे लावले, की थोडा वेळ बूट पायात; मग परत.

"त्याचेच बूट त्यालाच बक्षीस?" लुएलाने विचारलं.

"त्याने उमेद टिकते."

बाहेर बर्फ आणि पायात नुसते मोजे. ओडेलचं दाराशी जाणं थांबलं. त्याला घरी नेण्याचा लुएलाचा अर्ज बैठकीत आला, तेव्हा कोरीनने शून्यावर टेकलेला आलेख दाखवला : बाहेर जाण्याची इच्छा आढळत नाही. अर्ज एकमताने नामंजूर झाला.

"आढळत नाही, की उरली नाही?" लुएला म्हणाली. कोरीनकडे उत्तर होतं. फक्त ते मोजता येण्याजोगं नव्हतं.

त्या दुपारी ओडेलने वेळ संपण्याआधीच बूट काढले, नाड्या आत खोचल्या आणि ते तिच्या हातात दिले. कोरीनने नोंदवही वरपासून खालपर्यंत पाहिली. त्यासाठी रकाना नव्हता. तिने लिहिलं : 'स्वयंस्फूर्त सहकार्य.'

वाचकांनी ओडेलसाठी हळहळू नये. आपलीही आवडती वस्तू कुणीतरी हेरून कुलपात ठेवलेली असते, रविवारपुरती हातात मिळते, आणि सोमवारी आपण ती परत करतो. ओडेलला निदान दार कुठे आहे ते माहीत होतं.