बिनलग्नाची बायको

आपलं लग्न झालेलंच नाही, हे नकाशाकाराच्या बायकोला जेवता जेवता कळलं. एक हात ताटात, दुसऱ्या हातात फोन आणि फोनवर नवऱ्याने सकाळीच साऱ्या गोतावळ्याला धाडलेला वंशवृक्ष. त्यात मामाच्या फांदीवर ती होती. फोटोही बरा निवडला होता. फोटोखाली लिहिलं होतं, 'अविवाहित'.

"अहो, हे काय?"

"काय?" नकाशाकाराने मान वर केली नाही.

"मी अविवाहित आहे म्हणे."

"तिथे आहेस. इकडे माझ्या शेजारी बघ ना. इकडे लग्न झालंय तुझं."

तिने इकडे बघितलं. नवऱ्याच्या चौकोनाला चिकटून एक बिनफोटोचा चौकोन होता. 'पत्नी. आईवडील : माहिती नाही.'

नकाशाकाराने उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढण्यात घालवला होता. रेघेने रेघ ओलांडली की त्याला रात्रीची झोप येत नसे. निवृत्तीनंतर घराण्याचा वंशवृक्ष करायला बसला, तर इथे ओलांडण्याशिवाय दुसरं काही नव्हतंच! या घराण्यात मुलीला स्थळ बघायचं म्हणजे शेजारच्या खोलीत डोकावायचं. मामाची मुलगी आत्याच्या मुलाला, त्यांची मुलगी पुन्हा मामाच्या नातवाला. घरातलं भांडण घरातच राहतं, बाहेरच्याला समजावून सांगावं लागत नाही, एवढाच काय तो त्यातला शहाणपणा. पडद्यावर त्या साऱ्याची मांजराने खेळून टाकलेली लोकर झाली होती.

यावर त्याने तोड काढली. घरातल्या घरात दिलेली प्रत्येक मुलगी दोनदा लिहायची. एकदा बापाच्या घरी, लग्नाबिग्नाचं नाव न काढता. आणि एकदा नवऱ्याच्या घरी, कुठून तरी आलेली परकी बाई म्हणून. झालं! रेघा सुतासारख्या सरळ आल्या. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. या भरात आपण घराण्यातल्या निम्म्या बायका कुमारी करून टाकल्या आणि त्याच पुन्हा पलीकडे अनाथही केल्या, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"अहो, पण माझे आईबाप कुठे गेले?" बायकोने विचारलं.

"आहेत की. मामाच्या फांदीवर."

"त्या फांदीवर मी कुमारी आहे!"

"ही तांत्रिक बाब आहे. तुला नाही कळायची."

बायको उठली, हात धुतले आणि कपाटावरची बॅग खाली काढली. लग्नाआधी ती त्याला अरे-तुरे करायची. मामेबहीणच ती; खेळात हरला की त्याचा कान पिळायची. लग्न ठरलं आणि थोरामोठ्यांनी एका दुपारीत तिच्या तोंडात 'अहो' घातलं. इतक्या वर्षांचं ते 'अहो' आता बॅगेची चेन लावता लावता गळून पडलं.

"ठीक आहे. मी तुझी मामेबहीण ना? मग आतेभावाकडे पाहुणी म्हणून किती दिवस राहू? चालले मी माझ्या घरी. तुझ्या त्या झाडावर ज्या दिवशी माझं लग्न लागेल, त्या दिवशी ये न्यायला."

तिचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. त्यामुळे नकाशाकाराला फारशी काळजी वाटली नाही. दोन मिनिटांचं काम! पण संगणक सुरू होईपर्यंत फोन वाजू लागला. आधी मामीचा. मामी एरवी त्याला 'बाळा' म्हणायची. सासूपण फक्त रागात आठवायची.

"जावईबापू, माझी थोरली नणंद, पाच पोरांची आई, तिला तुम्ही कुमारी केलीत?"

"मामी, ती नुसती नोंद आहे."

"मग नुसत्या नोंदीत स्वतःच्या आईला करा ना कुमारी!"

मामीची थोरली नणंद म्हणजेच त्याची आई. आपण तिलाही तेच केलंय, हे आता त्याच्या ध्यानात आलं. फोन ठेवतो न ठेवतो तोच परगावच्या मुलाचा आला. "बाबा, माझं आजोळ उडालंय. तुमचंही."

नकाशाकाराने घाम पुसला. बिनफोटोचा चौकोन पुसून टाकला, मामाच्या फांदीवरच्या बायकोकडून आपल्यापर्यंत एक रेघ ओढली. ती वाटेत सात रेघांवरून गेली. त्याने डोळे मिटून घेतले. पडद्यावर सूचना आली : 'या दोन व्यक्ती रक्ताच्या नात्यातील आहेत. विवाह नोंदवायचा आहे का?' त्याने 'होय' दाबलं. लगेच दुसरी आली : 'ही फांदी अन्य सदस्याच्या ताब्यात आहे. त्यांच्याकडे विनंती पाठवली आहे.'

एकेक फांदी त्यानेच त्या त्या घरच्या थोरांच्या ताब्यात दिली होती. 'ज्याने त्याने आपली फांदी सांभाळावी, मला तक्रारी सांगू नयेत,' असं वर लिहिलंही होतं. करावं तसं भरावं. तोवर जुना चौकोन गेला होता आणि नवी रेघ आली नव्हती. त्यामुळे त्याच्या स्वतःच्या फोटोखाली आता लिहिलेलं होतं, 'अविवाहित. एक मुलगा.' आणि हे साऱ्या गोतावळ्याला दिसत होतं.

त्याने वंशवृक्षाचं संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडे गोड आवाजाची मुलगी होती.

"मला माझ्या बायकोशी लग्न करायचंय," तो म्हणाला.

"अभिनंदन, सर! त्यांच्या फांदीचे प्रमुख मंजुरी देतील. ते आपले कोण लागतात?"

"मामा. आणि सासरे."

"सर, दोन्हींपैकी एक सांगा ना."

"दोन्ही आहेत हो!"

"कळतंय, सर. पण मला इथे एकच लिहिता येतं. मग 'इतर' लिहू का?"

आठवडा गेला. घरात चष्मा सापडेना, किल्ली सापडेना, गॅसवर ठेवलेलं दूध थांबेना. सापडलं तरी 'बघ, सापडलं' म्हणायला कुणी नव्हतं. घर खायला उठलं. आपल्याला ती हवी आहे, रेघा गेल्या चुलीत, असं त्याने आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हणून बघितलं आणि चप्पल घालून निघाला.

मामा खुर्चीत बसले होते. वय पंच्याऐंशीच्या घरात, हातात फोन. बायको कोपऱ्यातल्या सोफ्यावर वर्तमानपत्र वाचत होती. तिने पान उलटलं. मान वळवली नाही.

"मामा, विनंती आली का?"

"आली. वाचली."

"मग दाबा ना 'मंजूर'."

"घाई काय आहे? गेल्या वेळी मला विचारलंय कुणी? तुझी आई आली. 'दादा, तुझी धाकटी माझ्या पोराला,' म्हणाली, चहा प्याली, गेली. माझं उघडलेलं तोंड उघडंच राहिलं. आज विचारतंय कुणीतरी. बस. काय करतोस?"

"मामा, तुम्हाला ठाऊक आहे की!"

"मामा नाही. मुलीचा बाप विचारतोय."

"निवृत्त आहे."

"म्हणजे काही करत नाहीस."

"वंशवृक्ष करतो."

"तो बघितला आम्ही."

"स्वभाव विचारा हो त्याचा," मामी आतून ओरडली.

"मामी, लहानपणापासून ओळखता तुम्ही मला!"

"म्हणून तर विचारा म्हणते."

नकाशाकाराचा बांध फुटला. "चुकलं माझं. रेघा सरळ दिसाव्यात म्हणून मी माणसं कापली. आईला कापलं, हिलाही कापलं. हिच्यावाचून मला घरात करमत नाही, मामा. वेड लागायची पाळी आलीय. या रेघा वाटेल तशा जाऊ देत, हवी तर गाठ बसू दे त्यांची, पण हिला पाठवा."

वर्तमानपत्र किंचित खाली आलं. मामांनी चष्मा पुसला, फोन नाकाशी धरला आणि 'मंजूर' दाबलं. "घे. दिली एकदाची. या खेपेला माझ्या मर्जीने."

नकाशाकार पाया पडायला वाकला, तोच सोफ्यावरचा फोन किणकिणला. बायकोने मोठ्याने वाचलं : 'आपण हयात असल्याने आपली स्वतःची संमती आवश्यक आहे. या व्यक्तीशी आपला विवाह नोंदवायचा आहे का?'

मामी हात पुसत दारात आली. "अगंबाई! मला नव्हतं हो असं कुणी विचारलं."

"मला तरी कुठे विचारलं होतं?" बायको म्हणाली.

"दाब ना," नकाशाकार काकुळतीला आला. "पहिलंच बटण आहे."

"थांब रे. आयुष्यात पहिल्यांदा विचारलंय. नीट वाचू तरी दे."

तिने खरोखरच नीट वाचलं. मग काहीतरी दाबलं, बॅग उचलली, पायात चपला सरकवल्या. "चल घरी. भांडी साचवून ठेवली असशील."

"म्हणजे 'होय' दाबलंस?"

"छे."

"मग 'नाही'?"

"तिसरंही होतं एक. 'नंतर विचारा'. दर सोमवारी विचारणार आहेत म्हणे."

तेव्हापासून रविवार आला की नकाशाकार भांडी घासतो, पडदे धुतो, ओला टॉवेल पलंगावरून उचलून दोरीवर टाकतो आणि 'तुला नाही कळायचं' हे शब्द ओठांवर आलेच तर पाण्याबरोबर गिळतो. सोमवारी सकाळी फोन किणकिणला की श्वास रोखून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो. बायको चष्मा लावते, एकदा फोनकडे बघते, एकदा त्याच्याकडे. म्हणते, "सुधारणा आहे. बघू." आणि तिसरं बटण दाबते.

परवा मामीचा फोन आला. आवाज अगदी मधाळ होता.

"बाळा, एक काम करशील? आमचंही लग्न तेवढं काढून टाक रे तिथलं."