काठी न विकणारा डोमाजी

आरमोरीच्या आठवडी बाजारात डोमाजी मासे धरायच्या काठ्या, दोऱ्या आणि गळ मांडून बसायचा, आणि गिऱ्हाईक आलं की त्याला हाकलून लावायचा.

"काठी पाह्यजे?"

"हो."

"कवापासून मासोळ्या धरून राह्यला?"

"अजून नाही धरल्या. शिकाचं हाये."

"मंग काठी कायले पाह्यजे? जा, तलावाच्या पाळीवर एक दिवस नुसता बूड टेकून बसून ये. आंधी बूड, मंग काठी."

एवढं बोलून तो तोंड फिरवायचा आणि काठीला तेल चोळत बसायचा. गिऱ्हाईक बिचारं आजूबाजूला पाहायचं. शेजारचा मिरचीवाला त्याला समजावून सांगायचा, "जा भाऊ, बसून ये. थो असाच हाये."

मी स्वतः बाजारातला माणूस आहे. तेव्हा हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडायचा. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन मी जंगलातली गावं पायी तुडवली. जाताना मीठ, येताना चारोळी, हिरडा, डिंक. त्यातूनच आरमोरीच्या रस्त्यावर पत्र्याचं दुकान उभं केलं. मोठा आवाज सोडला तर बापाकडून मला काहीही मिळालं नाही. सांगितलेल्या भावात मी जन्मात एक वस्तू घेतली नाही, याचा मला अभिमान आहे. लोक माझ्याशी घासाघीस करायला घाबरत. अशा माणसाला डोमाजीने दोन वर्षं काठी दिली नाही. ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरणारही नाही.

मला मासेमारीचं वेड नव्हतं. सुरुवात केली पोस्टमास्तरांनी. एका सकाळी ते हातभर लांबीची मरळ घेऊन माझ्या दुकानावरून चालले होते. मरळ म्हणजे आमच्या तलावातला वाघ. अंगाने काळी, डोकं सापासारखं, आणि बेडूक दिसला की झडप घालणारी. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. पोस्टमास्तर थांबले, मरळ माझ्या तराजूसमोर धरली आणि म्हणाले, "गनपतभाऊ, जरा मीठ द्या. मीठ तुमचं, मासोळी आमची!"

चारही गिऱ्हाइकं हसली. मी मीठ दिलं. आणि त्याच क्षणी ठरवलं, याहून मोठी मरळ मी स्वतः धरीन, आणि पोस्टाच्या दारावरून नेईन.

पोस्टमास्तरांच्या हातात डोमाजीची काठी होती. दवाखान्याच्या कंपाउंडरकडे डोमाजीचीच काठी होती, जंगलाच्या नाक्यावरच्या कारकुनाकडेही त्याचीच. ती काठी काय चीज होती, हे सांगायला पाहिजे. बांबू आमच्या जंगलातला, पोकळ नाही, भरीव. दिवाळीनंतर तोडलेला, चुलीवर टांगून वर्षभर धुरात मुरवलेला, मग निखाऱ्यावर शेकून सरळ केलेला. दोरी कोशाच्या रेशमाची. ती डोमाजी स्वतः पिळायचा आणि टेंभराच्या कच्च्या फळांच्या रसात बुडवून काढायचा, म्हणजे पाण्यात कुजत नाही. गळ सायकलच्या तारेचे. पाण्यावर तरंगायला मोराच्या पिसाच्या दांडीचा तुकडा. इतकी सुंदर वस्तू आणि विकणारा इतका वाकडा, असं मी कुठेच पाहिलं नाही.

मी बाजारात गेलो. एक काठी उचलली, नाक मुरडलं आणि म्हणालो, "बांबू तं वाकडा दिसून राह्यला, डोमाभाऊ. काय भाव?"

कोणताही दुकानदार यावर उसळतो. डोमाजीने माझा हात धरला. मनगट दाबून पाहिलं, तळवा उलटा करून पाहिला, मग मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुले नाई भेटत," तो म्हणाला.

"काऊन? माह्या पैशाले वास येते का?"

"वास नाई येत, आवाज येते. मासोळी आयकते ना बे. आंधी बूड, मंग काठी."

भर बाजारात. मिरचीवाला तोंडावर टॉवेल धरून हसला.

तरी मी दुसऱ्या दिवशी पाळीवर जाऊन बसलो. रागाने बसलो, पण बसलो. डोमाजी बाजूला आपली काठी धरून होता. अर्ध्या घटकेत मला सतरा वेळा मुंग्या चावल्या. तेवढ्यात पलीकडच्या वाटेने माझा गाडीवान बैल रमत गमत नेताना दिसला. मी उभा राहिलो आणि इकडून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. पाण्यातले बगळे उडाले.

डोमाजीने शांतपणे दोरी गुंडाळली. "चाल घरी," तो म्हणाला. "मासोळ्या तं वैनगंगेत पोचल्या असतीन आतापरेंत."

मी ऐकून घेणारा नाही. सरळ नागपूर गाठलं. एका मोठ्या दुकानात तीन तास घासाघीस केली. दुकानदाराला घाम फुटला तेव्हा कुठे उठलो. विलायती काठी, तिला पितळेचं चाक, कड्यांतून ओवलेली दोरी, आणि आमिष म्हणून एक चकचकीत पितळी मासोळी, तिच्या पोटाखाली तीन तोंडांचा गळ. घोरपडीला पुरेल एवढा जाड. शिकणाऱ्याने काय घ्यावं हे मी कोणाला विचारलं नाही. सगळ्यात महाग काय ते विचारलं, आणि त्याचा भाव पाडला. त्या वेळी मला हीच हुशारी वाटली.

पाळीवर बातमी आधीच पोचली होती. पोस्टमास्तर, कंपाउंडर, कारकून, सगळे आपापल्या जागा सोडून बघायला आले. मी काठी फिरवली. पितळी मासोळी सूर्यात चमकत गेली आणि कमळाच्या पानांजवळ पडली. खरं सांगतो, फेक सुंदर होती. आणि पाणी फुटलं. मरळच! पोस्टमास्तरांच्या मरळीहून मोठी, हे मी आजही शपथेवर सांगीन. मी दोन्ही हातांनी, सगळ्या ताकदीनिशी हिसका दिला.

गळ हवेतून परत आला आणि माझ्या धोतरात रुतला. त्याला मरळीच्या ओठाचा एक तुकडा लागलेला होता. बाकीची मरळ तलावातच राहिली.

सगळे हसले. डोमाजी मात्र हसला नाही. त्याने माझ्या धोतरातून गळ सोडवला, विलायती काठी वाकवून पाहिली आणि म्हणाला, "लई ताठ हाये. तू बी ताठ, काठी बी ताठ. मंग मधात मासोळी फाटनारच."

"मंग मले कशी पाह्यजे?"

"पोस्टमास्तर झोपाळू हाये, त्याले ताठ काठी देल्ली. मासोळीनं वढलं का दनका बसते, जागा होते. कंपाउंडरचा हात कापते, त्याले पाण्यावरचं पीस मोठं देल्लं. तुले लवनारी पाह्यजे. शेंड्यापासून मुठीपरेंत लवनारी. तू हिसकला तं काठीनं तुहा हिसका खाऊन टाकला पाह्यजे. जल्मभर हिसकतच आला ना तू."

हे मला झोंबलं. पण त्याने पहिल्यांदाच मला काठी कशी लागेल ते सांगितलं होतं. व्यापाऱ्याला कळतं, समोरचा मालाचं वर्णन करायला लागला की सौदा जवळ आला. मी ठरवलं, याला बसून बसून थकवायचं.

त्यानंतर मी रोज सकाळी पाळीवर जाऊ लागलो, दुकान उघडायच्या आधी. डोमाजी म्हणायचा, "गप्प बस, मासोळी आयकते." आणि मग स्वतः तासभर बोलायचा. कोणत्या महिन्यात मरळ उथळ पाण्यात येते, आमिषाचा बेडूक पाठीत कसा टोचायचा म्हणजे तो पोहत राहतो, काठावरून धरणाऱ्याने काठी आपल्या उंचीच्या दुप्पट ठेवावी, त्याहून लांब नको, नाहीतर मागच्या बाभळीत अडकते. मी मध्ये एक शब्द बोललो की बोट ओठावर. मग पुन्हा त्याचीच गाडी सुरू.

शिदोरीत भात आणि लाखोळीची डाळ असायची, दोन माणसांना पुरेल एवढी. मी विचारलं तर म्हणायचा, "शिजवताना अंदाज चुकते." त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी नदीपलीकडे नांदत होती. सहा वर्षं माणसाचा अंदाज चुकतो कसा, असं माझ्या मनात आलं. पण डाळ चांगली असायची, म्हणून मी वाद घातला नाही.

दर महिन्याला मी विचारायचो, "झालं का माहं बूड?"

तो माझ्याकडे नीट पाहायचा. "अजून कच्चं हाये."

एक पावसाळा गेला. दुसरा गेला. मी आता मुंग्या चावल्या तरी हलत नव्हतो. गाडीवान गाडीत झोपून समोरून गेला तरी ओरडत नव्हतो. घरी बायको म्हणायला लागली, "तुमाले बरं नाई वाटून राह्यलं का?"

आणि अशातच कंपाउंडरची बदली झाली, नवा कंपाउंडर आला. पोरगेलासा, अमरावतीकडचा. सोमवारी तो पाळीवर बसला, मंगळवारी बसला, आणि बुधवारी त्याच्या हातात डोमाजीची काठी! माझ्या दुकानात तो काडेपेटी घ्यायला आला तेव्हा मोठ्या कौतुकाने दाखवू लागला. "तीन दिवसांत दिली हो, शेठ. भला माणूस आहे."

मी दुकान तसंच उघडं टाकलं. जन्मात पहिल्यांदा. भर दुपारी डोमाजीच्या घरी गेलो आणि अंगणातूनच सुरू झालो.

"डोमाभाऊ! बाहेर ये! तीन दिवसाच्या पोट्ट्याले काठी देतं, अन् मी दोन वर्षं चिखलात बसून राह्यलो! मले का बेवकूफ समजतं? आज काठी दे, नाईतं तुह्या पाळीवर पुन्हा पाय ठेवीन तं बाप नाई सांगनार!"

डोमाजी चुलीपुढे बसला होता. उठला नाही. मी आत घुसलो. चुलीवर आढ्याला काठ्या टांगलेल्या होत्या, सगळ्या अर्ध्यामुर्ध्या, कच्च्या. एकच पुरी झालेली होती. मूठ कोशाच्या धाग्याने गुंडाळलेली, दोरी बांधलेली, गळ लावलेला. धुराने ती काठी पिकलेल्या चिंचेच्या रंगाची झाली होती. मी ती खाली ओढली आणि सवयीने हिसका दिला. काठी शेंड्यापासून मुठीपर्यंत लवली आणि माझा हिसका गिळून पुन्हा सरळ झाली.

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. "हे कोनाची?"

"तुही."

"कवाची?"

तो निखारे सारखे करत राहिला. "तुही विलायती फसली ना, त्या दिवाळीची."

मला वाटलं आता मी त्याच्या डोक्यातच ती घालतो. "मंग देल्ली काऊन नाई?"

डोमाजीने चिमटा उचलला आणि म्हणाला, "पोस्टमास्तर बसत होता माह्यापाशी. महिनाभर. काठी देल्ली, थो वडाखाली गेला. जुना कंपाउंडर बसत होता. काठी देल्ली, थो घाटावर गेला. कारकून सांडव्यापाशी. हातात काठी आली का माणसाले आपली जागा पाह्यजे. वीस हात तं सोडाच लागते, नाईतं दोऱ्या गुंततेत. रीतच हाये थे." निखारा त्याने चिमट्याने उलटा केला. "त्या पोट्ट्याले तीन दिवसात देल्ली. थो गेला तं मले काई वाटत नाई."

मी काठी हातात घेऊन उभा होतो. दोन वर्षांचा राग कुठे ठेवावा ते समजेना. चार लोकांदेखत फजिती करणाऱ्या माणसाला मी कधी सोडलं नाही. आणि इथे समजत होतं, अख्ख्या आरमोरीत हा माणूस एका माणसाला जपत होता, आणि तो मी होतो. कोणाला सांगायची सोय नव्हती, पण छाती फुगली.

मग मला जे येतं तेच मी केलं.

"वीस हात लई होते," मी म्हणालो. "तीन."

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "तीन हातात दोऱ्या गुंततीन, बयाडा. अठरा."

"चार. अन् वरून बेडूक मी आनीन."

"पंधरा. मरळ बुजते."

"बुजू दे. पाच. याच्यावर एक बोट देनार नाई. पटत नसन तं ठेव तुही काठी." मी काठी खाली ठेवायला वाकलो. हे सगळं बाजारातलं आहे, निघून जाण्याचं नाटक केल्याशिवाय सौदा पटत नाही.

"पाच," डोमाजी घाईने म्हणाला.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला सौदा. पुढच्या आठवड्यात मी मरळ धरली. पोस्टमास्तरांच्या मरळीहून चार बोटं लहान निघाली, पण पोस्टाच्या दारावरून मी ती तीनदा नेली.

डोमाजीचं म्हणणं मात्र खरं ठरलं. पाच हातांवर दोऱ्या फार गुंतायच्या. पोस्टमास्तर वडाखालून ओरडायचे, "अहो, जरा लांब बसा ना एकमेकांपासून!" आम्ही दोघं काठ्या बाजूला ठेवायचो आणि त्या ओल्या गाठी मांडीवर घेऊन, नखाने एकेक पीळ सोडवत बसायचो. कधी कधी सगळी सकाळ त्यात जायची. डोमाजीसारखा दोऱ्या पिळणारा कारागीर, कोणतीही गाठ त्याच्याकडून क्षणात सुटली असती. पण ती सोडवायला त्याने कधी घाई केली नाही.